इक्वलायझरांची तुलना आणि अग्राह्य पुरावा

मास्टरिंगच्या व्यवसायात गेली कित्येक वर्षे एक मत इतक्या ठामपणे आणि इतक्या वारंवार मांडले जात आहे की, नवशिक्या ध्वनिमुद्रकास ते भौतिकशास्त्राच्या नियमाइतकेच निर्विवाद वाटू लागावे. मत असे की, संगणकावर चालणाऱ्या इक्वलायझर प्लगइनांपैकी काहींच्या ठायी उपजत गोडवा असतो, काहींत ‘हवा’ आणि खोली असते, आणि उरलेले सारे कोरडे, कर्कश व निर्जीव असतात. हा भेद मापनयंत्रास दिसत नाही, परंतु तयार कानास तत्क्षणी कळतो. आणि म्हणून ज्यास हे काम करावयाचे आहे त्याने अमुक एक प्लगइन पदरी असल्याखेरीज त्यात पडू नये. हे मत मांडणाऱ्यांत, ज्यांच्या हातून उत्तमोत्तम ध्वनिमुद्रिका बाहेर पडल्या आहेत अशी, मला आदरणीय असलेली मंडळी आहेत, आणि त्यांच्या कर्तृत्वाविषयी वा प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे मला काहीच कारण नाही. माझी हरकत आहे ती त्यांनी पुढे केलेल्या पुराव्यास. ज्या तुलनेच्या आधाराने हा निवाडा दिला जातो ती तुलना समान वस्तूंची नसते, आणि ती समान वस्तूंची केली की ज्यास ते गोडवा म्हणतात त्याचा बहुतेक भाग नाहीसा होतो.

ही तुलना सामान्यतः कशी केली जाते ते आधी पाहू. एक तयार मिक्स घ्यावयाचे, त्यावर दोन इक्वलायझर बसवावयाचे, दोहोंत १० किलोहर्ट्झवर ३ डेसिबलांचा चढ द्यावयाचा, क्यू १ ठेवावयाचा, आणि आळीपाळीने ऐकून एकास रेशमी व दुसऱ्यास काचेरी ठरवावयाचे. पडद्यावरचे आकडे दोन्हीकडे तेच असल्यामुळे परीक्षकाची अशी खात्री असते की, आपण दोहोंस एकच काम सांगितले. वस्तुतः त्याने दोहोंस दोन निरनिराळी कामे सांगितलेली असतात.

क्यू म्हणजे वक्राच्या रुंदीचे माप. परंतु हे माप कोठून घ्यावे याविषयी एकवाक्यता नाही. विद्युत्-अभियांत्रिकीच्या जुन्या प्रघाताप्रमाणे, शिखरापासून ३ डेसिबल खाली उतरल्यावर वक्राची जी रुंदी भरते तिच्यावरून क्यू ठरतो. आता मास्टरिंगमध्ये दिला जाणारा चढ बहुधा अर्ध्या डेसिबलापासून दोन डेसिबलांपर्यंतचा असतो, आणि दोन डेसिबल उंचीच्या शिखरावरून तीन डेसिबल खाली उतरू म्हटले तर तसा बिंदू त्या वक्रावर अस्तित्वातच नसतो! म्हणजे ज्या मर्यादेत आमचे सारे काम चालते त्या मर्यादेत ही व्याख्याच निरुपयोगी ठरते. म्हणून रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी संकलित करून सर्वांस खुल्या केलेल्या सूत्रांत, जी सूत्रे असंख्य प्लगइनांच्या पोटात आज काम करीत आहेत, डेसिबलांत मोजलेल्या निम्म्या उंचीवरची रुंदी प्रमाण मानलेली आहे. इतरांनी इतर संकेत पत्करले. शिवाय जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे जो पॅरामेट्रिक इक्वलायझर मांडला, त्यात कंपनसंख्या, चढ-उतार आणि रुंदी ही तिन्ही परस्परांपासून स्वतंत्र ठेवण्याचा विचार होता. याउलट एपीआय ५५०ए सारख्या यंत्रात चढ वाढवावा तसतसा वक्र अरुंद होत जातो, आणि त्याची नक्कल करणारे प्लगइनही अर्थातच तसेच वागते. अशा स्थितीत ‘दोहोंत क्यू १’ या विधानाने तुलनेस काडीचाही आधार मिळत नाही.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे, आणि ‘हवा’ नावाच्या गुणाचे बरेचसे मूळ त्यात आहे. विद्युत्-मंडलाच्या गणितास संख्यांच्या गणितात आणण्याची जी सर्वांत रुळलेली रीत, म्हणजे बायलिनिअर रूपांतर, तिच्यात अनंतापर्यंत पसरलेली सारी कंपनसंख्या नमुनादराच्या निम्म्या मर्यादेत कोंबली जाते. कॉम्पॅक्ट डिस्कच्या ४४.१ किलोहर्ट्झ नमुनादराने ही मर्यादा २२.०५ किलोहर्ट्झवर येते, आणि तेथे पोचेपर्यंत घंटेच्या आकाराचा वक्र शून्यावर उतरलाच पाहिजे, असे ते गणित आहे. परिणामी वक्राची वरची बाजू चेपली जाते. वर दिलेलाच दाखला घेऊन हिशेब केला, म्हणजे १० किलोहर्ट्झ, ३ डेसिबल, क्यू १, तर मूळ विद्युत्-मंडलाच्या वक्रात १६ किलोहर्ट्झवर सुमारे दीड डेसिबल चढ शिल्लक असतो आणि २० किलोहर्ट्झवर जवळजवळ एक डेसिबल. चेपलेल्या वक्रात १६ किलोहर्ट्झवर जेमतेम अर्धा डेसिबल उरतो आणि २० किलोहर्ट्झवर काहीच उरत नाही. या दोषावरचा उपायही गुप्त नाही: सोफोक्लीझ ऑर्फानिडीस यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात टोकावरचा चढ आधीच नेमून देऊन वक्र आखण्याची रीत सांगितली, नमुनादर आतल्या आत दुप्पट-चौपट करण्याची रीतही सर्वश्रुत आहे, आणि आज फॅबफिल्टरच्या प्रो-क्यू किंवा डीएमजीच्या इक्विलिब्रियमसारख्या प्लगइनांत ही काळजी घेतलेली असते. तेव्हा परीक्षकाने एका प्लगइनास ‘हवेशीर’ म्हटले तेव्हा त्याच्या कानांनी त्यास फसवले नव्हते; १६ किलोहर्ट्झवर एक डेसिबल अधिक आहे, ही वार्ता त्यांनी बिनचूक आणून दिली होती. चूक झाली ती पुढे, त्या एका डेसिबलास प्लगइनाचा आत्मा मानण्यात. दुसऱ्या प्लगइनात तोच चढ थोडा वर सरकवून थोडा रुंद करावा, की ती ‘हवा’ तेथेही येते.

हा माझा केवळ तर्क नव्हे. साध्या इक्वलायझरातील बहुसंख्य वक्र, मग ते तारा-रोधकांच्या जुन्या पेटीत असोत वा संगणकात, किमान-फेज जातीचे असतात. आणि बेल प्रयोगशाळेतील हेंड्रिक बोडे यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडल्याप्रमाणे, अशा मंडलात कोणत्या कंपनसंख्येस किती चढ वा उतार मिळतो हे एकदा ठरले की, तिची फेज किती ढळणार हेही त्यातच ठरून जाते. दोन किमान-फेज इक्वलायझरांचे वक्र तंतोतंत जुळवले की त्यांची फेजही जुळते, कालातील त्यांचे वर्तनही जुळते, आणि गोडव्यास राहावयास जागाच उरत नाही. येथे ‘वक्रापलीकडचे काहीतरी असते’ असे म्हणणाऱ्याने ते काहीतरी म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. कारण रेषीय व कालानुसार न बदलणाऱ्या प्रक्रियेत वक्र आणि फेज यांपलीकडे गणिताने काहीही शिल्लक ठेवलेले नाही.

तिसरा दोष जोराचा, आणि तो सर्वांत अधिक घात करणारा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, मनुष्याच्या कानास खर्जाचे व अतितार स्वर मंद आवाजात कमी आणि मोठ्या आवाजात अधिक प्रमाणात जाणवतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, तेच मिक्स अर्ध्या डेसिबलाने मोठे केले तर ऐकणारा ‘मोठे झाले’ असे बहुधा म्हणतच नाही. तो म्हणतो की खर्ज भरदार झाला, वरचे स्वर उजळले, गायक पुढे आला. ज्या विशेषणांनी आमची मंडळी चांगल्या प्लगइनाचे गुण वर्णितात तीच ही विशेषणे आहेत. आता ज्याचा वक्र वरच्या बाजूस रुंद उरतो, किंवा ज्याच्या बाहेर पडणाऱ्या पातळीत कर्त्याने किंचित वाढ करून ठेवली आहे, ते प्लगइन प्रत्येक वेळी दुसऱ्याहून थोडे मोठे वाजणार, आणि प्रत्येक वेळी जिंकणार. पातळी एक दशांश डेसिबलाच्या आत जुळवल्याखेरीज केलेली कोणतीही तुलना मी विचारात घेण्यास तयार नाही, आणि वाचकांनीही घेऊ नये.

यावर उत्तर येते की, कान हाच अंतिम न्यायाधीश आहे. कागदावरचे वक्र घेऊन संगीत ऐकायला कोणी बसत नाही. हे मला संपूर्ण मान्य आहे. किंबहुना माझी तक्रार हीच आहे की, या तुलनांत न्यायदानाचे काम कानाकडे दिलेलेच नसते. पडद्यावर पितळी बटणे, लाकडी कडा आणि प्रकाशमान काटे असलेले जुन्या यंत्राचे हुबेहूब चित्र डोळ्यांसमोर असते, त्याची किंमत ठाऊक असते, कोणत्या ख्यातनाम अभियंत्याने त्याची शिफारस केली तेही ठाऊक असते, आणि इतकी साक्ष नोंदली गेल्यावर मग कानास मत विचारले जाते. ज्यास कानाचा खरोखर अभिमान आहे त्याने डोळे बाजूस सारावेत. एबीएक्स चाचणीत क्ष हा नमुना अ आहे की ब, एवढेच न बघता सांगावयाचे असते. १६ वेळा विचारून १२ वेळा उत्तर बरोबर आले तर केवळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता शंभरात चाराहूनही कमी असते, म्हणून तेवढ्यावर भेद ऐकू येतो असे मानण्यास हरकत नाही. ही अट काही जाचक म्हणता येणार नाही. जो भेद तत्क्षणी कळतो असे सांगितले जाते, तो १६ पैकी १२ वेळा कळावा, एवढीच अपेक्षा आहे.

दुसऱ्या बाजूने शून्य-चाचणीचा आधार घेतला जातो, आणि तोही चुकीच्या रीतीने. दोन प्लगइनांतून तेच मिक्स काढून, एकाची ध्रुवता उलटी करून, दोन्ही एकत्र केले आणि मागे काही आवाज उरला, तर ‘पाहा, दोन्ही निराळी आहेत’ असे जाहीर करण्यात येते. परंतु उरलेल्या आवाजाचा अर्थ लावण्यापूर्वी एक हिशेब ध्यानात घ्यावा: दोहोंच्या पातळीत एक दशांश डेसिबलाचा फरक राहिला, तर अवशेष मूळ आवाजाच्या सुमारे ३९ डेसिबल खाली स्पष्ट ऐकू येतो, फरक एक शतांश डेसिबलाचा असला तरीही तो सुमारे ५९ डेसिबल खाली राहतो, आणि शांत खोलीत आवाज वाढवून तो ऐकता येतो. म्हणजे अवशेष ऐकू आला यावरून वक्र जुळवण्यात हयगय झाली एवढेच प्रथम सिद्ध होते. वक्र नीट जुळवल्यावर जे उरेल, तेच खऱ्या भेदाचे पुरावे म्हणून दाखल करता येईल.

असे खरे भेद आहेत, आणि ते नाकारणे हा माझ्या प्रतिवादाचा भाग नाही. १९९०च्या दशकात प्रो टूल्सच्या टीडीएम यंत्रणेत मोटोरोलाच्या २४-बिट स्थिरबिंदू प्रक्रियकांवर गणित चालत असे, आणि खर्जातील अरुंद वक्रांस तेवढी अचूकता अपुरी पडून खरोखरच खरखर निर्माण होऊ शकत असे. त्या काळी जे प्लगइन हे गणित काळजीपूर्वक करी ते खरोखरच अधिक स्वच्छ होते. आज ६४-बिट तरंगबिंदू गणित सर्वत्र झाले आहे, तरी त्या काळची कीर्ती आणि अपकीर्ती मात्र अजून चालत आलेली आहे.

याहून महत्त्वाचा भेद जुन्या यंत्रांच्या नकलांचा. पल्स टेक्निक्स कंपनीने १९५०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेला पुलटेक ईक्यूपी-१ आणि त्याचा पुढील अवतार ईक्यूपी-१ए यांची कीर्ती खर्जातील एका युक्तीवर उभी आहे: एकाच कंपनसंख्येवर चढ आणि उतार दोन्ही एकदम द्यावयाचे. दोन वक्र तंतोतंत एकमेकांवर पडत नसल्यामुळे ते एकमेकांस खोडीत नाहीत. खाली चढ राहतो आणि त्याच्या लगेच वर एक खळगा पडतो. डग्ग्याची घुमार भरावी पण गायकाच्या आवाजाखालची गदळ निघून जावी, अशा ठिकाणी हा वक्र फार उपयोगी पडतो. परंतु हा वक्र म्हणजे वक्रच आहे, आणि कोणत्याही स्वच्छ पॅरामेट्रिक इक्वलायझरात एक शेल्फ व एक रुंद उतार जोडून तो काढता येतो. नकलेत त्याहून अधिक जे असते ते व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांचे विरूपण, म्हणजे मुळात नसलेले स्वर त्यात मिसळणे. ते सुखद असू शकते; पण मग त्याची तुलना इक्वलायझराशी करू नये, विरूपण देणाऱ्या दुसऱ्या साधनाशी करावी. आणि ती करताना हेही पाहावे की, ४४.१ किलोहर्ट्झ नमुनादराने १५ किलोहर्ट्झच्या स्वराचा दुप्पट स्वर ३० किलोहर्ट्झवर मावत नाही, तो दुमडून १४.१ किलोहर्ट्झवर परत येतो, आणि मूळ स्वराशी त्याचा कोणताही सांगीतिक संबंध उरत नाही. नमुनादर आतून वाढवून ही दुमड टाळणारी नक्कल आणि न टाळणारी नक्कल यांत जो फरक आहे, तो ऐकण्याजोगा आणि पैसे मोजण्याजोगा आहे.

आपल्या संगीताच्या बाबतीत ही काळजी अधिकच घेतली पाहिजे. १९२०-२१ या काळात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, तबला-मृदंगाच्या शाईमुळे चामड्याच्या पडद्यातून स्वरांची सुसंवादी श्रेणी निघते, आणि तानपुऱ्याच्या रुंद घोडीमुळे, जेथे जवारी लावली जाते तेथे, छेडण्याच्या जागेमुळे जे स्वयंभू स्वर एरवी दडपले जावेत तेही उमटतात. ज्या ध्वनिमुद्रणाचा पायाच असा शुद्ध श्रेणीवर रचलेला आहे, त्यात परके स्वर मिसळणाऱ्या साधनास केवळ ‘उबदार’ या एका विशेषणावर प्रवेश देणे मला मान्य नाही.

लिनिअर-फेज इक्वलायझराच्या शुद्धतेचा जो डिंडिम वाजवला जातो त्याविषयी थोडक्यात. फेज न ढळवण्याची किंमत काळात मोजावी लागते. ४०९६ गुणकांचे लिनिअर-फेज गाळणे ४४.१ किलोहर्ट्झ नमुनादराने सुमारे ४६ मिलिसेकंदांचा विलंब लावते, आणि त्याचा नाद आघाताच्या दोन्ही बाजूंस सारखा पसरतो. डग्ग्यावर पडलेल्या थापेभोवती ५० हर्ट्झवर तीव्र उतार दिला तर थाप पडण्यापूर्वीच एक पुसट लहर ऐकू येऊ शकते. आघातानंतरचा मंद आवाज आघाताने बराच काळ झाकला जातो, आघातापूर्वीचा मात्र अवघे काही मिलिसेकंद. म्हणूनच कानास हा दोष खटकतो. समांतर वाहिन्या पुन्हा एकत्र करावयाच्या असतील तेथे लिनिअर-फेजचा उपयोग निर्विवाद आहे. सर्वच मास्टरिंगसाठी तो श्रेष्ठ, हा दावा मात्र निराधार आहे.

माझ्या या म्हणण्याचा आधार घेऊन काही जण दुसऱ्या टोकास जातात आणि सांगतात की, सारे इक्वलायझर एकच असून तुलना करणेच व्यर्थ. त्यांच्याशीही मी सहमत नाही. वक्र नजरेसमोर स्पष्ट दिसणे, एका क्षणात डावे-उजवे आणि मध्य-कडा अशी विभागणी करता येणे, एखादा पट्टा एकटा ऐकता येणे, पातळी आपोआप जुळवली जाणे, चुकून हललेला आकडा परत आणता येणे, दिवसभराच्या कामानंतर हात आणि डोळे न शिणणे, या गोष्टी क्षुल्लक नाहीत. ज्याच्या हातात एक साधन रुळले आहे तो त्याच साधनाने योग्य वक्रापर्यंत लवकर पोचतो, आणि लवकर पोचल्यामुळे त्याचे कान ताजे राहतात. मान्यवरांच्या ध्वनिमुद्रिका चांगल्या उतरतात याचे कारण मी येथे शोधीन, प्लगइनाच्या गोडव्यात नव्हे.

हा वाद केवळ पंडितांचा असता तर मी त्यात एवढी शाई खर्च केली नसती. परंतु पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात घरातल्याच एखाद्या खोलीत मास्टरिंग शिकणारी जी तरुण मुले आहेत, ती आपल्या तुटपुंज्या कमाईतून एकामागून एक इक्वलायझर घेत आहेत, आणि ज्या खोलीत बसून ती ऐकतात त्या खोलीवर एक पैसाही खर्च करीत नाहीत. ३.४ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला नाद ५० हर्ट्झच्या आसपास येतो. त्या लांबीच्या मध्यावर बसणाऱ्यास तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही आणि भिंतीस टेकून बसणाऱ्यास तोच फुगून ऐकू येतो. अशा खोलीत खुर्ची हातभर पुढे-मागे केली तरी खर्जात जेवढा फरक पडतो, त्यापुढे दोन इक्वलायझरांतील अर्ध्या डेसिबलाची चर्चा निरर्थक आहे. या मुलांना अमुक प्लगइन घेतल्याखेरीज गत्यंतर नाही असे सांगणाऱ्यांनी, आपल्या शब्दावर किती जणांचे पैसे आणि किती जणांची वर्षे चुकीच्या जागी लागतात याचा विचार केला पाहिजे. कोपऱ्यांत दाट लोकरीचे जाड थर बसवणे आणि बसण्याची जागा मोजून ठरवणे, हे काम कोणत्याही प्लगइनाहून आधी करण्याचे आहे.

म्हणून ज्या मंडळींस आपला अनुभव लोकांपुढे मांडावयाचा आहे त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी दोन्ही प्लगइनांचे वक्र मोजून व जुळवून द्यावेत, पातळी एक दशांश डेसिबलाच्या आत आणावी, जुळणीनंतर उरलेला अवशेष ऐकावयास ठेवावा, आणि न पाहता घेतलेल्या चाचणीचा निकाल, तो कोणत्याही बाजूस गेला तरी, प्रसिद्ध करावा. त्यानंतरही गोडवा शिल्लक राहिला तर मी तो मान्य करीन. तोवर स्वच्छ इक्वलायझरांच्या उपजत गोडव्याचा दावा शाबीत झालेला नाही, आणि त्यावर विसंबून कोणी पैसे मोजू नयेत.